आर्मी जीप रंगवली तरी त्याच जागी परत फोड येतायत? रंग बदलायच्या आधी हे बघा

जुनी आर्मीची गाडी घेऊन स्वतःच्या हाताने तिचं काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाची ही एक तक्रार असतेच. गाडी घासली, प्रायमर मारला, वर मॅट ऑलिव्ह ड्रॅब (आर्मीचा बिनचमकीचा मळकट हिरवा) चढवला, दिसायला एकदम कडक, फोटोबिटो काढून झाले, आणि मग एक दमट सीझन गेला की मागच्या फ्लोअरवर, टूलबॉक्सच्या खाली, नाहीतर मडगार्ड जिथे बॉडीला बसतं तिथे मुगाएवढे फोड. मग माणूस काय करतो तर तेवढीच जागा घासतो, रेड ऑक्साइड लावतो, वरून परत रंग मारतो आणि पुढच्या वर्षी फोड हजर, तेही जरा मोठे होऊन. मग रंगाची कंपनी बदलतो, प्रायमर बदलतो, स्प्रे गन नवीन घेतो. फोड काही जात नाहीत.

माझं मत सरळ आहे की परत परत त्याच जागी येणारा फोड हा शंभरातल्या नव्वद वेळा रंगाचा दोष नसतोच, पाणी (किंवा दुसरं काहीतरी ओलं) पत्र्याच्या मागच्या बाजूने नाहीतर जोडातून येत असतं आणि आपण पुढून रंग मारत बसतो. त्यामुळे हे सगळं लिहिताना मी रंगाकडे शेवटी येणारे, आधी फोडाची चौकशी.

उदाहरण म्हणून मी दुसऱ्या महायुद्धातली जीप धरतोय, म्हणजे विलीज एमबी आणि तिचीच जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू. १९४१ ते १९४५ मध्ये दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे हौशी लोकांकडे हीच जास्त सापडते. आणि तिची बॉडी पाणी साठवायला जणू मुद्दाम बनवलीय. पण बाकीच्या गाड्यांनाही यातलं बरंच लागू पडतं, जिथे फरक आहे तिथे सांगतो.

फोड फोडून बघा

घासायला घ्यायच्या आधी, म्हणजे ग्राइंडर हातात घ्यायच्याही आधी, दोनचार फोड ब्लेडच्या टोकाने अलगद उघडा आणि आत काय आहे ते नीट बघा. पापुद्रा उलटा करून त्याची मागची बाजू बघायची, हेच कोणी करत नाही.

आत लालसर भुकटी आणि तिच्या खाली काळा कडक थर, खड्ड्याखड्ड्यांचा, असं असेल तर जुना गंज तिथेच राहिलेला होता आणि रंग त्याच्यावर मारला गेलाय. पापुद्र्याच्या मागे प्रायमर चिकटून आलाय आणि खाली पत्रा स्वच्छ चकचकीत, गंजाचं नाव नाही, तर प्रायमरने धरलंच नाही, म्हणजे पत्र्यावर तेल, मेण, केमिकल असं काहीतरी होतं नाहीतर पत्रा फारच गुळगुळीत होता. फोडात पाण्याचा थेंब आहे आणि भोवती विशेष गंज नाही, तर बहुतेक रंगाखाली मीठ किंवा क्षार अडकलेत, ते वरच्या थरातून ओल खेचून घेतात आणि फोड फुगतो. घामाच्या हाताने उघडा पत्रा हाताळला तरी एवढे क्षार पुरतात, म्हणून प्रायमरच्या आधी हातमोजे घाला असं सांगतात. आणि पापुद्र्यासोबत गुलाबी किंवा करड्या रंगाचा ओलसर तुकडा आला तर ती पुट्टी आहे. तिथे खाली भोक असण्याची शक्यता दाट, कारण पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते आणि मागून उघडी असली तर पितच राहते. लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा, जिथे धरत नाही तिथे पुट्टी किती जाड भरलीय ते लगेच कळतं.

पांढरी पावडर निघाली तर? तर खाली ॲल्युमिनियम किंवा जस्त आहे. जुन्या आर्मी लँड रोव्हरचे मालक हे रोज बघतात, तिची बॉडी ॲल्युमिनियम मिश्रधातूची आणि चेसिस, बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली भिंत), बोल्ट सगळे लोखंडी, दोन धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी आलं की ॲल्युमिनियम सडायला लागतं. तिथे कितीही भारी रंग मारा, दोन्ही धातूंच्या मध्ये नायलॉन वॉशर किंवा सीलर घालून त्यांना वेगळं केल्याशिवाय ते थांबत नाही.

आता दुसरी गोष्ट, फोड कुठे आहेत याचा नकाशा. खडूने खुणा करा आणि लांबून बघा. सरळ रेषेत फोड आले असतील तर खाली काहीतरी जोड किंवा चॅनेल आहे. कडेकडेने असतील तर पत्र्याची दुमड. मोकळ्या सपाट पत्र्याच्या मधोमध सगळीकडे बारीक बारीक पुरळासारखे असतील तर मात्र रंगवताना काहीतरी चुकलंय, हवामान किंवा साफसफाई, त्याच्याबद्दल खाली.

जीपच्या पोटातलं लाकूड

जीपच्या टबखाली, म्हणजे बॉडीच्या तळाला, मजबुतीसाठी आडवे चॅनेल वेल्ड केलेले आहेत, हॅट चॅनेल म्हणतात त्यांना कारण कापल्यावर टोपीसारखा आकार दिसतो. यातल्या काही चॅनेलच्या आत चक्क लाकडाच्या पट्ट्या भरलेल्या असतात. फॅक्टरीतूनच. गाडी युद्धापुरती टिकली म्हणजे झालं असा हिशोब होता, ऐंशी वर्षांनी कोणीतरी तिला पॉलिश पेपर मारत बसेल हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

हे लाकूड एकदा भिजलं की महिनोन्‌महिने वाळत नाही. चॅनेलची आतली बाजू आणि फ्लोअरची खालची बाजू कायम ओल्या लाकडाला टेकलेली, तिथे ना प्रायमर ना रंग. गंज आतून वर येतो आणि फ्लोअरवर बरोबर चॅनेलच्या रेषेत फोड उठतात. वरून बघताना वाटतं रंगच हलका आहे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो जोडातले दोन पत्रे अक्षरशः एकमेकांपासून फाकवतो, स्पॉट वेल्ड (दोन पत्रे धरणारे ठिपक्याएवढे वेल्ड) ताणले जातात आणि फटीतून अजून पाणी आत.

तपासायचं कसं, तर गाडीखाली झोपून (नीट स्टँड लावून, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका) चॅनेलच्या उघड्या टोकातून स्क्रू ड्रायव्हर आत खुपसायचा. मऊ लागला, काळा ओला भुसा बाहेर आला, कुजक्या पाल्यासारखा वास आला की निदान झालं. माझ्याकडच्या टबमध्ये मागच्या चॅनेलमधून लाकूड काढायला चिमटासुद्धा लागला नाही, बोटाने ओढलं तर लगदा हातात आला आणि त्याच्या मागोमाग गंजाचे पापुद्रे, पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक. वर फ्लोअर मात्र हिरवंगार आणि छान दिसत होतं.

यावर वरून करण्यासारखा काहीही उपाय नाही. स्पॉट वेल्ड ड्रिलने काढून चॅनेल सोडवायचा. स्पॉट वेल्ड काढायचे खास ड्रिल बिट मिळतात, ते फक्त वरचा पत्रा कापतात, साध्या बिटने दोन्ही पत्र्यांना भोक पडतं. चॅनेल सडलाय तर नवीन तयार मिळतो किंवा पत्रा वाकवणाऱ्याकडून बनवून घ्या, फ्लोअर जिथे चाळण झालाय तेवढा कापून मूळ जाडीचाच पत्रा जोडा. वरून पातळ पत्र्याचं ठिगळ मारून कडेने वेल्ड फिरवायची पद्धत फार दिसते, तसं करू नका, दोन पत्र्यांच्या मध्ये नवीन फट तयार होते आणि फोडांचं दुकान परत चालू. कापलेल्या जागी कडेला कड मिळवून, थोडे थोडे टाके लांब लांब मारत जा, एकाच जागी सलग वेल्ड केलं की सपाट फ्लोअर ताटलीसारखा उचलतो. चॅनेल परत बसवायच्या आधी दोन्ही आतल्या बाजूंना वेल्ड-थ्रू प्रायमर, म्हणजे जस्तवाला जो वेल्डिंगच्या उष्णतेत बराचसा टिकतो, तो लावा.

लाकूड परत घालायचं का? यावरून लोकांची भांडणं होतात. ज्यांना गाडी जशीच्या तशी हवी ते घालतात, आणि घालायचंच असेल तर वाळलेलं कठीण लाकूड घ्या आणि सहाही बाजूंनी, बोल्टच्या भोकांच्या आतूनसुद्धा, इपॉक्सीने (दोन घटक मिसळून कडक होणारा लेप) सील करा. मला विचाराल तर जिथे बोल्ट आवळताना चॅनेल दबू नये म्हणून लाकूड होतं तिथे पोकळ नळीचे स्पेसर वेल्ड करावेत आणि चॅनेलची टोकं उघडी ठेवावीत. बाहेरून कोणाला कळत नाही.

चॅनेलशिवाय अजून तीन जागा बघाच. ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी ज्या खोबणीत बसते ती खोबण, तिला पाणी जायला भोकं असतात आणि ती चिखलाने नव्वद टक्के वेळा बुजलेली असतात. मागच्या कोपऱ्यातले टूलबॉक्स, झाकण बंद असल्यामुळे आतली ओल तिथेच. आणि बॅटरीचा ट्रे, तिथे पाण्याबरोबर ॲसिडही असतं, त्यामुळे आधी खाण्याच्या सोड्याचं पाणी ओतून फेस यायचा थांबेपर्यंत धुवायचं, मग साध्या पाण्याने, मगच बाकीचं काम.

गंज काढला म्हणजे नक्की काय काढलं

वायर ब्रश ग्राइंडरला लावून फिरवला की पत्रा चमकायला लागतो आणि समाधान वाटतं, पण खड्डे पडलेल्या पत्र्यावर वायर ब्रश गंज काढत कमी आणि घोटत जास्त असतो. भिंगातून बघा, किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा, चमकणाऱ्या भागात मध्ये मध्ये काळे टिपके दिसतील. प्रत्येक टिपका म्हणजे एक खड्डा आणि तळाशी गंज, क्षारासकट. पुढचा फोड तिथूनच.

खड्ड्यांसाठी ब्लास्टिंग (हवेच्या जोराने कण मारून पत्रा साफ करणं) सगळ्यात चांगलं, पण बोनेट आणि बाजूचे सपाट पत्रे जोरात ब्लास्ट केले तर वाकतात, परत सरळ होत नाहीत. तिथे बारीक कण, कमी प्रेशर, तिरका कोन. साधी वाळू अजिबात नको, तिची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरा. सोडा ब्लास्टिंग पत्र्याला प्रेमाने वागवतं हे खरं, पण ते गंज फारसा काढत नाही आणि मागे सोड्याचा थर ठेवून जातं, तो धुतला नाही तर प्रायमर धरत नाही. मघाशी म्हटलं ना, खाली चकचकीत पत्रा आणि पापुद्रा अख्खा सुटून आला, त्याचं एक कारण हे.

ब्लास्टिंगची सोय नसेल तर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर लावून, ओलं ठेवून, स्कॉचब्राइटने घासून, परत लावून, असं टिपके जाईपर्यंत. इथे एक मोठी गडबड होते. ॲसिड लावून तसंच वाळू द्यायचं आणि त्याच्यावर इपॉक्सी प्रायमर मारायचा. बऱ्याच इपॉक्सींचं ॲसिडच्या अवशेषांशी जमत नाही, नीट कडक होत नाहीत आणि पुढे सालीसारख्या सुटतात. डब्यावर किंवा डेटा शीटमध्ये लिहिलेलं असतं, वाचा. ॲसिड धुवायचं असेल तर पूर्ण धुवून, लगेच हीट गनने वाळवून, पिवळसर गंज धरला तर हलका पेपर मारून मगच पुढे जा. रस्ट कन्व्हर्टर, जो गंजाचा काळा थर बनवतो, तो मी फक्त जिथे हात पोचत नाही अशा ठिकाणी वापरतो. जाड पापुद्र्यावर कन्व्हर्टर मारला तर वरचा थर काळा होतो, खालचा तसाच.

क्लॅम्प, ब्रॅकेट, कुऱ्हाड-फावड्याचे पट्टे, जेरी कॅनचा स्टँड असल्या सुट्या वस्तूंना इलेक्ट्रोलिसिस मस्त. बादलीत पाणी, धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर, वस्तू निगेटिव्हला आणि पॉझिटिव्हला भंगार लोखंड. स्टेनलेस स्टील ॲनोड म्हणून लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर करा आणि चार्जर बंद केल्याशिवाय क्लिपा काढू नका, ठिणगी पडते. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट यात टाकू नयेत, हायड्रोजनने ते ठिसूळ होऊ शकतात. आणि हो, फोर्डच्या जीपमध्ये बोल्टच्या डोक्यावरसुद्धा छोटा एफ कोरलेला असतो, तो ग्राइंडरने उडवलात तर ज्याला कळतं तो माणूस तुमच्याशी बोलणार नाही.

एक कारण सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. आधीच्या मालकाने बॉडी ॲसिडच्या टाकीत बुडवली असेल किंवा सगळीकडे पेंट रिमूव्हर फासला असेल तर ते जोडांच्या फटीत जाऊन बसतं आणि महिन्यांनी हळूहळू बाहेर झिरपतं. तेव्हा फोड जोडाच्या कडेनेच येतात, रंग मऊ पडतो, कधी चिकट होतो. यावर उपाय कंटाळवाणा आहे: गरम पाण्याच्या प्रेशरने जोड धुवायचे, हवेच्या नळीने फुंकून वाळवायचे, परत धुवायचे, आणि सीलर मारायची घाई करायची नाही.

घासायला लागायच्या आधी जरा थांबा

मिलिटरीच्या जुन्या रंगात काय काय असतं याची कल्पना असू द्या. जुन्या थरांत शिसं असू शकतं, प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट, जो कॅन्सरकारक आहे. अमेरिकन गाडी १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर सैन्यात असेल तर तिच्यावर सीएआरसी, म्हणजे रासायनिक हल्ल्यात विष शोषून न घेणारा पॉलियुरेथेन रंग असण्याची शक्यता मोठी, त्याची कोरडी धूळ अजिबात करू नका, तो वेल्डिंगने किंवा टॉर्चने जाळू तर मुळीच नका. ओलं घासा, पी१०० दर्जाचा रेस्पिरेटर घाला, नुसता कापडी मास्क म्हणजे मनाचं समाधान. ब्रेक शू आणि जुन्या गास्केटमध्ये ॲस्बेस्टॉस, हवेने फुंकायचं नाही. अंधारात चमकणारे जुने मीटर असतील तर ते उघडू नका, काहींमध्ये रेडियमचा रंग आहे.

दुसरं म्हणजे सगळं खरवडून टाकायच्या आधी एका जागी बारीक वॉटर पेपरने ओलं, हळू, थरामागून थर घासून बघा. बोनेटच्या बाजूला जुना रजिस्ट्रेशन नंबर दिसू शकतो, अमेरिकन आर्मीच्या जीपचा नंबर २० ने सुरू होतो. फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून काढा. एकदा उडाला की संपलं.

फोड नाही, पण फोडासारखं

काही वेळा रंग ओला असतानाच छोटे गोल खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यासारखे, मध्ये खालचा थर दिसतो. हा गंज नाही, हे सिलिकॉन. आणि आर्मीच्या गाडीत सिलिकॉन कुठून आलं तर बरेचदा ब्रेक फ्लुइडमधून, कारण अमेरिकन सैन्याने पुढे डॉट ५ म्हणजे सिलिकॉनवालं ब्रेक फ्लुइड वापरायला सुरुवात केली आणि तशी गाडी असेल, किंवा आधीच्या मालकाने भरलं असेल, तर मास्टर सिलिंडरच्या आसपास आणि चाकांच्या आत सगळीकडे त्याचा तवंग असतो. साधं डॉट ४ रंग खातं, डॉट ५ रंग खात नाही पण नवीन रंगाला धरू देत नाही. पेपर मारायच्या आधी साबणाच्या गरम पाण्याने धुवा, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, एका फडक्याने ओलं करायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्याने पुसून घ्यायचं. क्रम उलटा केला, आधी घासलं आणि मग पुसलं, तर सिलिकॉन घासलेल्या चऱ्यांमध्ये जाऊन बसतं.

आणि रंग मारताच खालचा थर सुरकुतून वर येत असेल तर खाली जुना सिंथेटिक इनॅमल आहे आणि वर तुम्ही तेज थिनरचं काहीतरी मारलंय. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये दर ओव्हरहॉलला वरून एक हात, असं करत करत या गाड्यांवर थरावर थर चढलेले असतात. फडक्यावर एनसी (लॅकरचा) थिनर घेऊन एका कोपऱ्यात मिनिटभर धरा: विरघळून फडक्याला लागला तर लॅकर, सुरकुतला तर इनॅमल, काहीच झालं नाही तर टू-के (हार्डनर मिसळून मारायचा दोन-घटकी रंग) किंवा इपॉक्सी. सुरकुतणाऱ्या थरावर एकतर इनॅमलच मारा नाहीतर तो पूर्ण काढा.

थर कुठल्या क्रमाने

साफ पत्रा, त्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर लागेल तिथे पातळ पुट्टी, परत इपॉक्सी, जोडांना सीम सीलर (फट बुजवणारा), मग रंग. सीम सीलर उघड्या पत्र्यावर नाही, इपॉक्सीवर. पुट्टी एच (etch) प्रायमरवर नाही, तो प्रायमर ॲसिडवाला असतो आणि पुट्टीशी त्याचं पटत नाही. रेड ऑक्साइड किंवा सरफेसर मारून गाडी आठवडेच्या आठवडे उघड्यावर ठेवणं हे फोडांना आमंत्रण, कारण हे प्रायमर ओल आत घेतात, आणि त्याच ओलीवर आपण रंग झाकतो. काम लांबणार असेल, आणि हौशी माणसाचं लांबतंच, तर इपॉक्सीत ठेवा. फक्त पुढचा थर द्यायची मुदत उलटून गेली असेल तर परत पेपर मारूनच पुढे जा, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत.

सपाट पत्र्यावर सगळीकडे पुरळ असेल तर हवामान तपासा. नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) किमान ३ अंश सेल्सियस वर पाहिजे. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २१ च्या वर येतो, म्हणजे पत्रा निदान साडेचोवीस तरी हवा, आणि रात्रभर शेडमध्ये थंड झालेली जाड चेसिस सकाळी बरेचदा त्याच्या खाली असते. डोळ्याला दव दिसत नाही पण थर असतो. लेझर थर्मामीटर आणि आर्द्रतेचं छोटं मीटर, दोन्ही स्वस्तात येतात. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं आणि लाइनला वॉटर ट्रॅप लावायचा हेही त्यातलंच.

टू-के रंगात आयसोसायनेट (श्वासाला घातक रसायन) असतं, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, तो नसेल तर सरळ एक-घटकी मॅट इनॅमल वापरा, या गाड्यांना तोच शोभतो आणि ब्रशने मारला तरी चालतो.

मॅट रंगाचं एक आहे, त्यात बाइंडर (पावडर धरून ठेवणारा चिकट भाग) कमी आणि पावडर जास्त, त्यामुळे तो ग्लॉसइतकं पाणी अडवत नाही. अडवायचं काम खालच्या इपॉक्सीचं. म्हणून प्रायमर कमी आणि रंगाचे हात जास्त हा हिशोब इथे उलटा पडतो. डबा तळापासून ढवळा, मॅट करणारी पावडर खाली बसते, नाहीतर पहिलं पॅनल चमकतं आणि शेवटचं खडूसारखं होतं. शेडचा नंबर मागताना पूर्ण मागा, अमेरिकन फेडरल स्टँडर्ड ५९५ या रंगसूचीत पाच आकडे असतात आणि पहिला आकडा चमक सांगतो, १ ग्लॉस, २ सेमी, ३ मॅट, म्हणजे २४०८७ आणि ३४०८७ हा एकाच ऑलिव्ह ड्रॅबचा सेमी आणि मॅट. युद्धानंतरच्या जर्मन गाड्यांना आरएएल (जर्मन रंगसूची) ६०१४ किंवा नंतरचा ६०३१, ब्रिटिशांना बीएस ३८१सी (ब्रिटिश रंगसूची) मधला २९८ किंवा २८५, गाडीच्या काळाप्रमाणे.

रंग पूर्ण वाळल्यावर, आधी नाही, चॅनेलच्या टोकांतून आणि पोकळ भागात कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) लांब नळीने मारा, पलीकडच्या भोकातून ठिबकेपर्यंत. नंतर सगळी ड्रेनची भोकं तारेने मोकळी करा, वॅक्सनेही बुजतात. फ्लोअरच्या ड्रेनचं बूच गाडी उभी असताना काढूनच ठेवा, ते नदी ओलांडताना लावायला दिलेलं आहे. अर्थिंगच्या जागांवरचा रंग खरवडून काढा आणि कॉन्टॅक्ट ग्रीस लावा, मूळ जीप ६ व्होल्टची आहे, जाड रंगाचा एक थर मध्ये आला तरी दिवे मिणमिणतात आणि स्टार्टर रडतो, आणि मग लोक विनाकारण बॅटरी बदलतात.

एवढं करूनही कुठे फोड आलाच तर नुसती ती जागा टचअप करू नका, मॅटमध्ये ठिगळ लांबून दिसतं आणि पॉलिश करून मिसळता येत नाही, उलट चकाकी येते. जवळची दुमड किंवा जोड जिथे येतो तिथपर्यंत अख्खं पॅनल मारा, त्याच डब्यातला रंग थोडा उरवून झाकण घट्ट लावून ठेवला असेल तर शेडही जुळते. पण पॅनल मारायच्या आधी गाडीखाली जाऊन त्या फोडाच्या बरोबर मागे काय आहे ते बघा.